मॉनिटर, मीटर आणि कॉटच्या कठड्यावरची वायर: एका घरातलं प्रकरण

माझ्या मावसबहिणीच्या घरातलं हे प्रकरण, तिला विचारूनच लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही. बाळ साडेचार महिन्यांचं. चौथा महिना संपल्यावर त्याला रात्री वेगळ्या खोलीत झोपवायला लागले आणि त्यासाठी बेबी मॉनिटर घेतला, कॅमेरावाला नाही, नुसता आवाजाचा. बाळाकडचं युनिट कॉटच्या कठड्याला क्लिपने अडकवलेलं, डोक्याच्या बाजूला, डोक्यापासून जेमतेम एक वीत. का तर श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे.

काही दिवस बरं चाललं. मग तिने कुठेतरी वाचलं की हे मॉनिटर म्हणजे बाळाच्या उशाशी ठेवलेला छोटा मोबाईल टॉवर, आणि तिथून झोप उडाली. नवऱ्याचं म्हणणं, सर्टिफाइड वस्तू आहे, उगाच घाबरू नकोस. सासूबाईंचं म्हणणं, मशिन लागतंच कशाला, बाळ आमच्याजवळ झोपू दे. तिचं म्हणणं, मशिनही हवं आणि रेडिएशनही नको. वाद मिटवायला नवऱ्याने ऑनलाइन आरएफ मीटर, म्हणजे रेडिओ लहरी मोजणारा मीटर, मागवला, हिरवा पिवळा लाल दिवा असलेला, युनिटजवळ धरला आणि तो थेट लाल झाला. वाद मिटायचा राहिला बाजूलाच. तिने युनिट आणि बाळाच्या मधे एक दुलई घडी घालून उभी केली, 'शील्ड' म्हणून, चांदीच्या धाग्याची अँटी-रेडिएशन जाळी मागवायला कार्टमध्ये टाकली, आणि मग मला फोन केला, "दादा, तुझं काम हेच आहे ना, तू सांग खरं काय ते."

काम तेच आहे, वायरलेस वस्तूंची टेस्टिंग. डॉक्टर मी नाही, त्यामुळे बाळाच्या तब्येतीचं काही असेल तर ते बालरोगतज्ज्ञांकडेच, हे आधीच सांगितलं. पण युनिटमधून किती निघतंय आणि बाळापर्यंत किती पोचतंय हा प्रश्न मोजायचा आहे, तो मोजून सुटतो.

आधी मॉनिटर नेमका कुठल्या जातीचा ते बघितलं, कारण नुसतं "बेबी मॉनिटर" म्हटलं की त्यात चार वेगळ्या गोष्टी येतात. जुने ॲनालॉग असायचे, ४९ मेगाहर्ट्झच्या आसपासचे, पॉवर अगदी कमी पण शेजाऱ्याच्या घरातलं रडणं आपल्याकडे ऐकू यायचं. मग २.४ गिगाहर्ट्झवाले, फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहणारे, बरेचसे व्हिडिओ मॉनिटर याच प्रकारचे. मग वायफाय कॅमेरे. आणि डेक्ट, म्हणजे घरातल्या कॉर्डलेस फोनचं तंत्रज्ञान, युरोपात १.८८ ते १.९० गिगाहर्ट्झ आणि अमेरिकेत १.९२ ते १.९३. हिच्याकडचा डेक्ट होता, डब्यावरच लिहिलेलं होतं.

डेक्टची गंमत अशी आहे की तो सलग बोलत नाही. दहा मिलिसेकंदांची एक फ्रेम, तिचे २४ तुकडे, आणि एक युनिट साधारण त्यातल्या एका तुकड्यात ट्रान्समिट करतं, बाकीच्या तेवीस तुकड्यांत गप्प. ट्रान्समिट करतं तेव्हा पॉवर जास्तीत जास्त २५० मिलिवॅट, पण सरासरी काढली तर साधारण १० मिलिवॅटच. एखादा माणूस तासाभरात अडीच मिनिटं ओरडला आणि उरलेला वेळ तोंड मिटून बसला तसं. आता स्वस्तातले मीटर काय करतात तर ते ओरडणं पकडतात, म्हणजे पीक, सगळ्यात वरच्या क्षणाचा आकडा, दाखवतात, आणि सुरक्षेच्या मर्यादा सगळ्या सरासरीवर बांधलेल्या आहेत. हे मीटरच्या डब्यावर कुणी लिहीत नाही.

त्यात युनिट म्हणजे मापाचं एकक, ते अजून घाबरवणारं. तिच्या मीटरवर आकडा येत होता दोन लाखांच्या वर. तिने मला फोटो पाठवला, लाल दिवा, मोठा आकडा, खाली बारीक अक्षरात मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर. दोन लाख म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण आयसीएनआयआरपी म्हणून जी आंतरराष्ट्रीय समिती या मर्यादा ठरवते तिची सामान्य जनतेसाठीची पातळी या फ्रिक्वेन्सीला साधारण ९.५ वॅट प्रति चौरस मीटर आहे, म्हणजे तिच्या मीटरच्या भाषेत ९५ लाख. दोन लाख हा पीक, त्याला २४ ने भागा, आठ हजार काहीतरी येतात. आठ हजार विरुद्ध ९५ लाख. म्हणजे एका वितीवर, सगळ्यात वाईट जागी ठेवूनसुद्धा, मर्यादेच्या हजाराव्या भागाच्या आसपास. लाल दिवा कुठे पेटवायचा हे मीटर बनवणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवलेलं असतं, मर्यादेशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही, आणि मला तर असं वाटतं की लवकर लाल होणारे मीटर जास्त खपत असणार.

नवरा खूश झाला, म्हणाला बघ मी म्हणत होतो. पण ती ऐकणाऱ्यातली नाही, आणि तिचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "ही मर्यादा मोठ्या माणसाची ना? आणि ती फक्त गरम होण्याची. बाळ म्हणजे काय छोटा माणूस आहे का नुसता?"

मर्यादा कशी निघाली ते सांगतो. शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर अंगाचं तापमान साधारण एक अंशाने वाढू शकतं, तिथून सुरुवात केली आणि सामान्य जनतेसाठी ५० पट खाली आणून ०.०८ वॅट प्रति किलो धरलं. हा ५० पटीचा फरक ठेवताना लहान मुलं, आजारी, म्हातारी माणसं सगळी धरलेली आहेत, वेगळी बाळांची मर्यादा नाही. पण बाळ वेगळं असतं हे तिचं म्हणणंही खरंच आहे. कवटी पातळ, पेशींत पाण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे फोन कानाला लावल्यासारखा अगदी चिकटून असेल तर मुलांच्या मेंदूच्या काही भागांत मोठ्यांपेक्षा जास्त ऊर्जा शोषली जाते, हे कॉम्प्युटर मॉडेलवर दिसलेलं आहे. मात्र चिकटून असेल तर. हातभर लांब गेलं की मुळात पोचणारंच इतकं कमी होतं की त्या फरकाला फारसा अर्थ राहत नाही.

मग कॅन्सरचं आलंच. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, रेडिओ लहरींना २बी गटात टाकलं, म्हणजे "कदाचित कॅन्सरकारक". ते मुख्यतः मोबाईल खूप वापरणाऱ्यांच्या अभ्यासावरून, मेंदूच्या आणि कानाच्या नसेच्या गाठींबद्दल, आणि पुरावा मर्यादित आहे असं त्यांनीच म्हटलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. यातून निष्काळजीपणा करा असं मी म्हणत नाही, पण २बी म्हणजे किती धोका हे सांगणारी यादी नाही ती, पुरावा किती भक्कम आहे हे सांगणारी आहे. उंदरांचा अभ्यासही तिने पाठवला, तो अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा, २०१८ चा. खरा आहे, मोठा आहे, नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. पण त्या उंदरांना अख्ख्या अंगावर किलोमागे १.५ ते ६ वॅट, रोज नऊ तास, दोन वर्षं दिले होते. आपली जनतेची मर्यादा ०.०८. म्हणजे सगळ्यात कमी डोससुद्धा मर्यादेच्या जवळजवळ १९ पट आणि वरचा ७५ पट, आणि हिचं युनिट त्या मर्यादेच्याही हजारपट खाली. शिवाय ते डोस घेतलेले नर उंदीर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला, माणसांवरच्या अभ्यासांचा, त्यात मोबाईलचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. आणि डीएनए तोडण्याचं म्हणाल तर या लहरींच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पट कमी असते, एक्स-रे आणि हे एकाच "रेडिएशन" शब्दात कोंबले जातात त्याने निम्मा घोळ होतो.

तरीही बहुतेक अभ्यास मोबाईल वापरणाऱ्या मोठ्या माणसांचे, तान्ह्या बाळांचे नाहीत. म्हणून फुकटात कमी करता येत असेल तर करावं की, त्यात वाद कशाला. स्वित्झर्लंडचं आरोग्य खातं सरळ सांगतं की मॉनिटर बाळाच्या बिछान्यापासून निदान एक मीटर लांब ठेवा आणि सतत ट्रान्समिट करणारी सेटिंग वापरू नका. फ्रान्सने २०१५ च्या कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत, मुलं झोपतात खेळतात त्या जागी, वायफाय लावायला मनाई केली. हे धोका सिद्ध झाला म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून. नवऱ्याला मी हेच म्हटलं की सर्टिफिकेट आहे म्हणून डोक्याशीच ठेवायचं असं काही कुठे लिहिलेलं नाहीये.

तर शनिवारी तिच्या घरी गेलो. खोलीत शिरलो आणि मीटर बाहेर काढायच्या आधी मला जे दिसलं त्याच्याबद्दल तोवर घरात कुणीच अवाक्षर काढलं नव्हतं. युनिटच्या ॲडॉप्टरची वायर. सॉकेट कॉटच्या मागे, तिथून वायर वर आलेली, लोंबकळू नये म्हणून कठड्याच्या दांडीला दोन वेढे दिलेले, आणि उरलेली वायर आतल्या बाजूला सैल अर्धगोल होऊन लटकलेली, गादीपासून चार बोटं वर. त्याच्या बाजूला ती उभी केलेली दुलई, जी एव्हाना आडवी होऊन अर्धी बाळाच्या गालापर्यंत सरकलेली. काखेत कळसा म्हणतात ते हे. दोन आठवडे घरातली तीन मोठी माणसं न दिसणाऱ्या लहरींवरून भांडत होती आणि दिसणारी वायर कुणाला दिसली नाही.

इथे मी जरा थांबून सांगतो कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं हेच. बेबी मॉनिटरने बाळं दगावल्याच्या ज्या खात्रीशीर नोंदी आहेत त्या रेडिएशनच्या नाहीत, गळ्याला वायर गुंडाळली गेल्याच्या आहेत. अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये एका कंपनीचे सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटर रिकॉल झाले, दोन बाळं वायरमध्ये अडकून गेल्यानंतर, एक दहा महिन्यांचं आणि एक सहा महिन्यांचं. आणि त्या रिकॉलमध्ये मशिन बदललं नाही, कारण मशिनमध्ये बिघाड नव्हताच, वायरला लावायचं इशाऱ्याचं लेबल आणि नव्या सूचना दिल्या. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा नियम तीन फुटांचा आहे, वायर कॉटपासून तीन फूट लांब. साडेचार महिन्यांचं बाळ हात मारायला लागलेलं असतं, बोटात आलेलं पकडतं, ओढतं, आणि ओढलेलं तोंडाकडे नेतं. आज पोचत नाही म्हणून उद्या पोचणार नाही असं नसतं, या वयात आठवड्याला पोच वाढते.

दुलईचं तर दुहेरी नुकसान. कापूस आणि कापड रेडिओ लहरींना जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे शील्ड म्हणून तिचा उपयोग शून्य, मीटर धरून दाखवलं, आकड्यात फरक पडला नाही. आणि मऊ जाड कपडा कॉटमध्ये असणं ही श्वास कोंडण्याची उघड जोखीम. बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, कॉटमध्ये उशी दुलई सॉफ्ट टॉय काही नाही, हे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या सूचनांत पुन्हा ठासून सांगितलंय. १९९४ मध्ये तिकडे बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं, एवढा फरक त्या साध्या गोष्टीने पडतो. म्हणजे भीतीपोटी केलेला उपाय मूळ भीतीपेक्षा कितीतरी धोक्याचा होता. बहिणीचा चेहरा उतरला, पण मी तिला बोललो नाही काही, दुलई उचलली आणि तिच्या हातात दिली.

जाळी कार्टमधून काढायला लावली. कॉटवर कापड टाकणं म्हणजे परत गुंतायचा आणि गुदमरायचा प्रश्न आलाच, आणि युनिट जाळीच्या आतच असेल तर धातूचे धागे लहरी बाहेर सोडण्याऐवजी आत परतवतील.

मग मोजणी. युनिट कठड्यावरून काढून समोरच्या भिंतीच्या शेल्फवर ठेवलं, कॉटपासून दोन मीटर, वायर भिंतीच्या कडेने क्लिपा मारून. एका वितीचे दोन मीटर म्हणजे अंतर साधारण आठपट, आणि अंतर आठपट झालं की पॉवर चौसष्ट पटीने कमी व्हायला हवी, आठ गुणिले आठ, हा मोकळ्या जागेतला हिशेब. खोलीत भिंती आहेत, लहरी आपटून परत येतात, त्यामुळे तंतोतंत येत नाही, पण दोन लाखांवरचा आकडा तीन-चार हजारांवर आला. पीक. सरासरी काढली तर दोनशेच्याही आत, ९५ लाखांच्या समोर. आवाज मात्र तितकाच स्वच्छ, कारण रडणाऱ्या बाळाला दोन मीटर म्हणजे काहीच नाही. श्वास ऐकू येणार नाही हे खरं, पण श्वास ऐकायला हे मशिन बनवलेलंच नाही.

सेटिंगमध्ये आवाजावर चालू होणारा मोड होता, तो बंद होता. चालू केला. आता बाळ शांत असताना युनिट जवळजवळ गप्प बसतं आणि खुट्ट झालं की जागं होतं. जवळजवळ म्हणतोय कारण काही डेक्ट युनिटं जोडणी टिकवायला शांततेतही अधूनमधून सिग्नल सोडत राहतात, ते मॉडेलवर अवलंबून. या मोडची एक अडचण आहे, मॉनिटर मुका असेल तर तो शांत आहे म्हणून की बंद पडलाय म्हणून हे कळत नाही, त्यामुळे रेंज गेल्यावर पालकांकडचं युनिट बीप करतं की नाही ते बघून घेतलं, युनिटचा प्लग काढून. करतं.

मीटर हातात होताच म्हणून मी तिला तिचा फोन घ्यायला सांगितला. ती बाळाला पाजताना एका हातात फोन धरते, रील्स बघते, सगळेच बघतात. फोन बाळाच्या डोक्यापासून दहा-बारा सेंटिमीटर. फोर-जी फोनची जास्तीत जास्त पॉवर २०० मिलिवॅटच्या आसपास, आणि सिग्नल कमकुवत असलेल्या खोलीत तो जोर लावून बोलतो. तिने व्हिडिओ अपलोड करून बघितला आणि मीटरने मॉनिटरच्या जुन्या आकड्यालाही मागे टाकलं. म्हणजे घरात बाळाला सगळ्यात जास्त जे मिळत होतं ते मॉनिटरचं नव्हतंच, आईच्या हातातल्या फोनचं होतं. तेही मर्यादेच्या आतच, घाबरण्यासारखं नाही, पण मॉनिटरवरून रात्र रात्र जागायचं आणि फोन बाळाच्या टाळूवर धरायचा याला काय म्हणायचं. पाजताना फोन एअरप्लेन मोडवर, बघायचं ते आधी डाउनलोड करून, इतकं तिने मान्य केलं. रील्स सोडणार नाही म्हणाली.

सासूबाईंचा मुद्दा राहिला होता, आणि खरं सांगायचं तर तिघांत सगळ्यात जवळ त्याच होत्या. त्याच बालरोगतज्ज्ञ संघटनेची सूचना आहे की निदान पहिले सहा महिने बाळाने आई-वडिलांच्याच खोलीत झोपावं, मात्र वेगळ्या पृष्ठभागावर, त्यांच्या बिछान्यात नाही. काकूंना, म्हणजे सासूबाईंना, बाळ कुशीत हवं होतं, तेवढं नाही, पण कॉट त्या खोलीत आणायला काय हरकत आहे? आणली. रात्रीचा मॉनिटर गेला, दुपारच्या झोपेपुरता उरला. काकू म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते?" यावर कुणी काही बोललं नाही.

जाता जाता नवऱ्याने विचारलं की मग वायफाय कॅमेराच घेऊ का, दिसेल तरी. रेडिएशनच्या हिशेबाने दोन मीटरवर त्यानेही काही बिघडत नाही, व्हिडिओवाले जास्त वेळ ट्रान्समिट करतात एवढंच. माझा आक्षेप दुसराच आहे. २०१५ मध्ये रॅपिड सेव्हन या सिक्युरिटी कंपनीने नऊ इंटरनेटवाले बेबी मॉनिटर तपासले आणि त्यातला एकही धड नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशा वस्तूंवर सरसकट एकच सोपा डीफॉल्ट पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही. घ्यायचाच असेल तर पासवर्ड बदलायचा, अपडेट येतात का बघायचं, आणि बाळ कॅमेऱ्यात असताना आपण खोलीत काय बोलतो तेही कुठेतरी जातंय हे लक्षात ठेवायचं. त्याने बेत पुढे ढकलला. पायाच्या मोज्यातून ऑक्सिजन मोजणारं ते उपकरणही त्याच्या डोक्यात होतं, त्याला मी नाही म्हटलं, निरोगी बाळाचा अचानक मृत्यू टाळायला घरगुती मॉनिटरवर भिस्त ठेवू नका असं तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय, आणि खोटे अलार्म वाजून आई-बाप हॉस्पिटलात धावतात ते वेगळंच.

एक गोष्ट तिच्या फोनच्या कॅलेंडरवर टाकून आलो. बाळ धरून उभं राहायला लागलं की कॉट आणि शेल्फ, वायर, पडद्याची दोरी हे सगळं अंतर परत टेपने मोजायचं, कारण तेव्हा हात कठड्याच्या वरून बाहेर येतो. काकू अजून रात्री झोपताना राउटर बंद करतात. करू देत.